मान वळवली की उलटी: मेंदूतल्या कृमीची एक पूर्ण केस

ही केस सविस्तर लिहितेय कारण यात निदान पहिल्याच दिवशी बरोबर झालं होतं आणि तरीही पेशंट धोक्यातच होता. मेंदूत परजीवी आहे हे कळलं, कुठला आहे तेही कळलं, औषध कुठलं द्यायचं हेही ठरलं, गोळ्यांची स्ट्रिप बेडशेजारच्या टेबलावर येऊन पडली सुद्धा. ती गोळी ठरल्या वेळी दिली गेली असती तर आपणच या माणसाला आणखी मोठ्या संकटात ढकललं असतं. ओळख पटेल असे तपशील काढलेत, बाकी घटनाक्रम झाला तसाच ठेवलाय.

पेशंट ३८ वर्षांचे, इलेक्ट्रिशियन. सकाळी कामाला निघताना बुटाची लेस बांधत होते आणि उजव्या हाताची बोटं आपोआप आकडायला लागली. मग पूर्ण हात, मग तोंड उजवीकडे ओढलं गेलं आणि मग सगळ्या अंगाला झटके. बायको समोरच होती त्यामुळे सुरुवात कुठून झाली हे तिला नेमकं सांगता आलं आणि ही माहिती सोन्यासारखी असते, कारण फिट एका हातातून सुरू झाली म्हणजे मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या एका ठरावीक जागी काहीतरी आहे हे स्कॅनच्या आधीच कळतं. दोनेक मिनिटं झटके, जीभ चावलेली, नंतर अर्धा तास कुणाला ओळखत नव्हते. कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा झोपाळलेले पण बोलवलं की उत्तर देणारे, ताप नाही, मान कडक नाही, साखर १०४, सोडियम ठीक. उजव्या हाताची पकड जरा ढिली होती आणि संध्याकाळपर्यंत तीही सुधारली, फिटनंतर असं काही तास राहू शकतं.

आयुष्यातली पहिली फिट, वय ३८, म्हणजे स्कॅन हवाच. कॉन्ट्रास्ट सीटीत मेंदूच्या डाव्या पराएटल म्हणजे वरच्या-मागच्या भागात साधारण ९ मिलिमीटरची गोल, कडेने चमकणारी गाठ दिसली, भोवती थोडी सूज, आणि उजवीकडे दोन पांढरे बारीक ठिपके म्हणजे जुनं कॅल्सिफिकेशन. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की व्हेंट्रिकल्स म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या किंचित ठळक आहेत. ती ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांनी सोडून दिली.

चित्र ओळखीचं होतं ना. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या अळीने मेंदूत केलेलं घर. जगातल्या ज्या भागांत हा कृमी आढळतो तिथे मोठ्या वयात नव्याने सुरू होणाऱ्या फिट्सचं हे एक मोठं कारण आहे, डब्ल्यूएचओ तर अशा अनेक भागांत एपिलेप्सीच्या सुमारे ३० टक्के केसेस याच्यामुळे असल्याचं सांगते. फिट हे त्याचं सगळ्यात नेहमीचं लक्षण. आणि वेगवेगळ्या वयाच्या खुणा एकाच मेंदूत दिसणं, एक सुजलेली गाठ आणि शेजारी जुने दगड झालेले ठिपके, हे तर याचंच वैशिष्ट्य.

तरी बाकीच्या शक्यता तपासल्या. टीबीची गाठ म्हणजे ट्युबरक्युलोमा अशीच चमकते, पण ती बऱ्याचदा २० मिलिमीटरपेक्षा मोठी, कडा वेड्यावाकड्या, सूज जास्त, आणि पेशंटची कमजोरी हळूहळू वाढत जाते. इथे छातीचा एक्स-रे साफ, वजन घटलेलं नाही. एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा हा दुसरा परजीवी बराच मागे पडला, कारण तो सहसा प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी १०० च्या खाली गेल्यावर डोकं वर काढतो, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त गाठी असतात, मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियात जास्त, आणि ताप, गोंधळलेपण, एका बाजूची कमजोरी असं दिवसांत ते आठवड्यांत वाढतं.

यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते म्हणजे वेळ आणि ताप. मेंदूतल्या परजीवी आजारांची नावं पाठ करण्यापेक्षा हे दोन प्रश्न आधी विचारावेत. तासांत किंवा एकदोन दिवसांत ताप येऊन माणूस बेशुद्धीकडे चाललाय तर फाल्सिपेरम मलेरिया आधी बघा, रक्ताचा स्मिअर आणि रॅपिड टेस्ट लगेच, कारण तिथे आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाचं इंजेक्शन काही तास उशिरा गेलं तरी फरक पडतो. काही दिवसांपूर्वी कोमट गोड्या पाण्यात पोहणं, नाकात पाणी जाणं आणि आता जोरदार डोकेदुखी, ताप, कडक मान, तर नेग्लेरिया हा अमीबा, तो तर आठवड्याभरातच बहुतेकांना घेऊन जातो. ताप कमी पण डोकेदुखी फार, अंगावर विचित्र मुंग्या, आणि सीएसएफमध्ये म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात इओसिनोफिल्स या पांढऱ्या पेशी, तर अँजिओस्ट्राँजायलस हा गोलकृमी. आणि ताप अजिबात नाही, माणूस महिनोन् महिने धडधाकट आणि अचानक फिट, तर सिस्टिसर्कस. आमच्या पेशंटला ताप नव्हताच. रक्तात इओसिनोफिल्सही वाढलेले नव्हते, आणि ते नसले म्हणून हा कृमी नाही असं कुणी समजू नये, अळी पिशवीत बंद असते त्यामुळे बऱ्याच पेशंटमध्ये ते नॉर्मलच असतात.

तर दुपारपर्यंत सगळं जुळलं होतं. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅम सुरू, संध्याकाळपासून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फंडस म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा बघून घेतला की अल्बेंडाझोल हे कृमीनाशक. केस पेपरवर मीच लिहिलं. रेसिडेंटला समजावलं पण, की बघ किती नीट केस आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास वॉर्डातून फोन आला, पेशंटला उलटी झाली, उलटी थांबवायला ऑन्डॅन्सेट्रॉन देऊ का. रेसिडेंटने लेव्हेटिरॅसिटॅममुळे असेल असं लिहिलं होतं. मी वरच्या मजल्यावरच होते म्हणून बघायला गेले, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या पेशंटसाठी गेले होते, जाता जाता यांच्याकडे वळले. सिस्टरने जे सांगितलं ते असं, की चादर बदलायला तिने बेडची डोक्याकडची बाजू सपाट केली, त्यांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, आणि वळता क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, चेहरा पांढराफटक, आणि मळमळ वगैरे काही न होता एकदम फवाऱ्यासारखी उलटी. तिने नाडी मोजली होती, ५२. मग ते स्वतःच उठून बसले, हनुवटी छातीला टेकवली, डोळे मिटून घेतले, आणि पाचेक मिनिटांत पूर्ण ठीक. "डॉक्टर, ते असं बसले ना, जसं त्यांना माहितीच होतं असं बसल्यावर थांबतं," सिस्टर म्हणाली.

हे वाक्य मला झोंबलं. आम्ही सकाळपासून फिटच्या मागे होतो, ती कशी आली किती वेळ आली हे खोदून खोदून विचारलं, पण त्याआधीचे महिने कसे गेले हे नीट विचारलंच नव्हतं. मी स्टूल ओढून त्यांच्या बायकोजवळ बसले.

"ताई, असं आधी कधी झालंय का?"

ती म्हणाली, "अहो मॅडम, हे तर चार महिने चाललंय. पण त्याची औषधं वेगळी चालू आहेत ना, मानेची, म्हणून सांगितलं नाही."

चार महिन्यांपूर्वी ते शिडीवर उभे राहून छताचं वायरिंग करत होते, मान मागे टाकलेली, आणि अचानक डोक्यात कुणीतरी घण घातल्यासारखं दुखलं, सगळं गरगरलं, खाली उतरेपर्यंत उलटी. नंतर आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग वर बघितलं किंवा झटकन डावीकडे वळलं की. मधल्या काळात काहीच नाही, जेवण ठीक, काम ठीक, म्हणून कुणालाच हे गंभीर वाटलं नाही. एका ठिकाणी सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज सांगितली, कॉलर दिली. दुसऱ्या ठिकाणी कानाच्या खड्याची चक्कर म्हणजे बीपीपीव्ही सांगून बेटाहिस्टिन दिलं. आणि गंमत नाही, खरंच सांगतेय, कॉलरने त्यांना बरं वाटलं! का ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. कॉलर घातली की मान हलत नाही, आणि मान हलली नाही की चक्कर येत नाही. उपचार लागू पडला म्हणून सगळ्यांचा निदानावर विश्वास बसला, पेशंटचाही. तीन महिने कॉलर. पिशवीत ती अजून होती, बायकोने काढून दाखवली, हनुवटीच्या जागी फोम दबून गुळगुळीत झालेला. आणि गेले तीन आठवडे हे भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात, आडवे होतच नाहीत, हेही तिने मग सांगितलं.

आता ९ मिलिमीटरची एक गाठ फिट आणू शकते, डोकं दुखवू शकते, पण मान वळवल्यावर नाडी ५२ वर आणून फवाऱ्यासारखी उलटी करू शकत नाही. मेंदूच्या भरीव भागात बसलेली एकटी सिस्टिसर्कसची गाठ कवटीतला दाब सतत वाढलेला ठेवत नाही, हा तर तिला ट्युबरक्युलोमापासून वेगळं ओळखण्याचा एक निकषच आहे. आणि बीपीपीव्ही म्हणावं तर त्यात चक्कर एका मिनिटाच्या आत थांबते, डोक्यात घण घातल्यासारखं दुखत नाही. डोक्याच्या हालचालीसोबत अचानक डोकेदुखी, चक्कर आणि उलटी, मधल्या वेळात माणूस ठणठणीत, याला ब्रुन्स सिंड्रोम म्हणतात. व्हेंट्रिकलच्या पाण्यात काहीतरी सुटं तरंगतंय आणि ठरावीक कोनात ते वाटेच्या तोंडाशी जाऊन बसतं, टाकीतल्या झडपेसारखं. पाणी तुंबतं, दाब एकदम चढतो, डोकं दुसऱ्या कोनात नेलं की झडप उघडते. सिस्टर म्हणाली तसं, त्यांना खरंच माहिती होतं कसं बसायचं ते.

बेड ३० अंशांवर ठेवला, सपाट करायचा नाही असं मोठ्या अक्षरात लिहून बेडला लावलं, डाव्या कुशीवर वळवायचं नाही हेही. न्यूरोसर्जनला फोन केला. आणि सकाळची अल्बेंडाझोल रोखली, तेव्हा कारण अजून सिद्ध नव्हतं पण शंका पुरेशी होती.

सकाळी डोळ्यांच्या रजिस्ट्रारने फंडस पाहिला. अल्बेंडाझोलच्या आधी फंडस का बघतात हे सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी घाईत हे राहून जातं. याच कृमीची पिशवी डोळ्याच्या आतही असू शकते आणि औषधाने ती तिथे मेली तर त्या सुजेने नजर कायमची जाऊ शकते. तो नियम डोळ्यातल्या अळीसाठी आहे. आमच्या पेशंटच्या डोळ्यात अळी नव्हती, पण दोन्ही डोळ्यांतल्या डिस्कच्या म्हणजे नेत्रनाडीच्या टोकाच्या कडा पुसट, शिरा फुगलेल्या, म्हणजे पॅपिलिडिमा, दाबाने आलेली सूज. कवटीतला दाब काही आठवडे तरी वाढलेला होता. लंबर पंक्चरचा विषय तिथेच संपला, अशा दाबात पाठीतून पाणी काढणं जिवावर बेतू शकतं.

आता एमआरआय. पण एमआरआयला अर्धा तास सपाट झोपावं लागतं, आणि या माणसाला सपाट झोपणं हाच धोका. पहिल्या प्रयत्नात चौथ्या मिनिटाला त्यांनी बेल दाबली आणि बाहेर काढेपर्यंत उलटी. दुसऱ्यांदा भूलतज्ज्ञ सोबत, खांद्याखाली उशी, आणि डोकं त्यांना जमेल तेवढं उजवीकडे, कारण उजवीकडे त्यांना काही होत नाही हे बायकोनेच सांगितलं होतं. वेळ पडली तर व्हेंट्रिकलमधलं पाणी बाहेर काढायला सर्जनची टीम तयार बसलेली. तेवीस मिनिटं ते न हलता पडून राहिले.

एमआरआयच्या साध्या टी-वन टी-टू चित्रांमध्ये चौथं व्हेंट्रिकल फक्त मोठं वाटत होतं. पिशवीतलं पाणी आणि मेंदूचं पाणी जवळपास सारखंच दिसतं आणि पिशवीची भिंत कागदापेक्षा पातळ, त्यामुळे सीटीत ती न दिसणं साहजिकच होतं, त्यात मेंदूच्या मागच्या भागात हाडांमुळे सीटी आधीच गढूळ येतो. रेडिओलॉजिस्टने आमच्या सांगण्यावरून थ्री-डी सिस नावाचा वेगळा सीक्वेन्स घेतला, अगदी बारीक कापांचा, आणि त्यात ती स्पष्ट आली. चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये १४ मिलिमीटरची गोल पिशवी आणि तिच्या एका कडेला तांदळाच्या कणीएवढा ठिपका. तो स्कोलेक्स, म्हणजे अळीचं डोकं. स्कोलेक्स स्कॅनवर दिसलं की निदानाला दुसरा पुरावा लागत नाही. रक्ताची एलिसा पाठवली होती ती चौथ्या दिवशी निगेटिव्ह आली आणि आम्ही तिच्यामुळे काहीही बदललं नाही. या आजारात साध्या एलिसावर विसंबू नये, ईआयटीबी नावाची ब्लॉट टेस्ट तिच्यापेक्षा बरीच भरवशाची, पण एकटी गाठ असली किंवा नुसतं कॅल्सिफिकेशन उरलं असलं तर तीही चुकते.

म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यात एकाच कृमीच्या तीन अवस्था होत्या आणि तिघींची लक्षणं वेगळी. कॅल्सिफाइड ठिपके कधीचेच मेलेले, त्यांनी आजवर काही त्रास दिला नव्हता, अर्थात त्यांच्याभोवतीही कधीतरी अचानक सूज येऊन फिट येऊ शकते. पराएटलमधली अळी मरत होती, आणि ती मरत होती म्हणूनच फिट आली. हे लोकांना उलटं वाटतं. जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून स्वतःला लपवून ठेवते, वर्षानुवर्षं शांत बसते, ती खंगायला लागली की लपवणं जमत नाही आणि मग सूज, मग फिट. भारतात राहून परतलेल्या ४५० ब्रिटिश सैनिकांचा अभ्यास १९६१ मध्ये छापून आला होता, त्यातही संसर्गानंतर फिट यायला बहुतेकांना काही वर्षं लागलेली दिसतात. आणि तिसरी, व्हेंट्रिकलमधली, ती जिवंतच होती, सूज नाही काही नाही, तिने फक्त जागा अडवली होती. हीच अळी मेंदूच्या तळाच्या पोकळ्यांत शिरली असती तर द्राक्षाच्या घडासारखी वाढली असती, तिथे स्कोलेक्सही दिसत नाही, आणि पेशंट डोकेदुखी, दृष्टी कमी होणं किंवा तरुण वयात पॅरालिसिसचा झटका घेऊन आला असता. पाठीच्या कण्यात असती तर पायातली ताकद गेली असती. शेकडो अळ्या एकदम असत्या आणि सगळ्यांभोवती सूज असती, हे लहान मुलं आणि तरुण बायकांत जास्त दिसतं, तर फिट्स, उलट्या आणि गुंगी असं एन्सेफलायटिससारखं चित्र. म्हणून पेशंट आला की कुठला कृमी एवढ्यावर थांबता येत नाही. कुठे बसलाय आणि जिवंत आहे की मरतोय हे कळल्याशिवाय समोरचं लक्षण समजत नाही आणि उपचारही ठरत नाही.

उपचाराचा भाग इथेच येतो. अल्बेंडाझोल त्या दिवशी दिलं असतं तर व्हेंट्रिकलमधली अळीही मरायला लागली असती. मरताना ती आजूबाजूच्या भिंतीला सूज आणते आणि चिकटते. सुटी पिशवी सर्जनला काढता येते, चिकटलेली ओढली तर ब्रेनस्टेमला म्हणजे मेंदूच्या देठाला इजा, मग ती तशीच ठेवून आयुष्यभराचा शंट म्हणजे पाणी वळवणारी नळी टाकावी लागते. आणि आधीच अर्धवट अडलेल्या वाटेत सूज आली तर वाट पूर्ण बंद. २०१८ मध्ये आलेल्या आयडीएसए या अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या गाइडलाइन्स याबाबत स्पष्ट आहेत, हायड्रोसेफॅलस म्हणजे मेंदूत तुंबलेलं पाणी किंवा पसरलेली सूज असेल तर आधी दाबाचा बंदोबस्त, कृमीनाशक नंतर, आणि व्हेंट्रिकलमधली सुटी पिशवी शक्य असेल तर ऑपरेशनने काढायची. आमच्या एमआरआयमध्ये पिशवीभोवतीची भिंत चमकत नव्हती, म्हणजे चिकटलेली नव्हती. वेळ आमच्या बाजूने होती.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्या सकाळी परत एक झटपट एमआरआय, कारण या पिशव्या सरकतात, काल चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये होती म्हणून आज तिथेच असेल असं नाही. तिथेच होती. मी थिएटरमध्ये गेले होते, मला बघायचं होतं. पेशंट पालथे, मानेच्या मागून छोटी खिडकी केलेली, सर्जनने सेरेबेलमचे म्हणजे लहान मेंदूचे दोन भाग हलके बाजूला केले, आणि मायक्रोस्कोपखाली ती दिसली, आतल्या पाण्याच्या प्रत्येक ठोक्याला हलणारी. त्यांनी चिमट्याने ओढली नाही. हळू सलाइन सोडलं, भूलतज्ज्ञाला फुप्फुसातला दाब क्षणभर वाढवायला सांगितला, आणि ती आपणहून बाहेर घरंगळली, अख्खी, न फुटता. स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवली तर दिसेनाच, इतकी पारदर्शक, फक्त तो पांढरा कण तेवढा. चार महिने एका माणसाला छळणारी, शेवटी आडवंही झोपू न देणारी गोष्ट ती ही एवढीशी. पॅथॉलॉजीत स्कोलेक्सवर चार चूषक आणि आकड्यांच्या दोन ओळी दिसल्या, टीनिया सोलियम पक्का.

दोन दिवस चालताना तोल जात होता, मग गेला तो त्रास. पाचव्या दिवशीच्या सीटीत व्हेंट्रिकल्स लहान झाले होते, शंट लागला नाही. व्हेंट्रिकलमध्ये दुसरी पिशवी उरलेली नाही याची खात्री करून आठव्या दिवशी स्टिरॉइडच्या छत्राखाली अल्बेंडाझोल सुरू केलं, पराएटलच्या गाठीसाठी, १५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज, दोन डोसमध्ये विभागून, जेवणासोबत कारण स्निग्ध पदार्थासोबत ते जास्त शोषलं जातं, १४ दिवस. स्टिरॉइड लांबणार असेल तर आधी टीबीचं आणि स्ट्राँजिलॉइड्सचं बघून घ्यावं, हा दुसरा कृमी स्टिरॉइडवर भयानक फोफावतो. अल्बेंडाझोलच्या तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं, उजव्या हातात मुंग्या. घरचे घाबरले. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास असं होऊ शकतं, अळी मरते तेव्हाची सूज ती, म्हणून आधीच सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, आम्ही सांगायला विसरलो. सीटी करून दाब वाढलेला नाही हे बघितलं, स्टिरॉइड थोडं वाढवलं, ४८ तासांत उतरलं.

आता घरचा प्रश्न. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आम्ही डुकराचं मांस खात नाही, कधीच नाही. मग हे कुठून आलं? माझ्या हातच्या जेवणातून का?" ती दोन आठवडे हे मनात घेऊन फिरत होती. इंटरनेटवर वाचून कुणीतरी नातेवाइकाने तिला तसं ऐकवलं होतं.

हे नीट समजून घ्यायला हवं. कच्चं राहिलेलं, अळ्या असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो, मेंदूत अळी होत नाही. मेंदूत अळी होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात ती ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या शौचातून, न धुतलेल्या हातांवरून, पाण्यातून, कच्च्या भाजीपाल्यावरून. त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, कृमी काही मीटर लांब होतो आणि त्याचा एकेक तुकडा हजारो अंडी घेऊन बाहेर पडतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका ऑर्थोडॉक्स ज्यू समाजातल्या चार जणांची नोंद छापून आली होती, डुकराचं मांस ज्यांच्या धर्मातच वर्ज्य, त्यांना न्यूरोसिस्टिसर्कोसिस झाला होता, आणि माग बाहेरून कामाला आलेल्या, आतड्यात कृमी असलेल्या घरकामगारांपर्यंत गेला. तेव्हा शाकाहारी आहे म्हणून हे निदान बाद, असं कुणीही करू नये, डॉक्टरांनी तर मुळीच नाही.

तिला मी सांगितलं की ही अंडी काही वर्षांपूर्वी कधीतरी, कुठेतरी पोटात गेली असणार, ते घरातच झालं असं धरायला काहीच आधार नाही. तरी घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी केली, कारण घरात कुणाच्या पोटात कृमी असेल तर त्याला आणि इतरांना दोघांनाही धोका. सगळ्यांची निगेटिव्ह आली. एका तपासणीत अंडी न सापडणं सहज शक्य असतं म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी केली. स्रोत सापडला नाही, बहुतेक केसेसमध्ये नाहीच सापडत. ती रडली, मग म्हणाली की हे तुम्ही माझ्या सासूबाईंसमोर सांगाल का. सांगितलं, सगळ्यांना एकत्र बसवून.

सहा महिन्यांनी एमआरआय केला. व्हेंट्रिकल्स नॉर्मल, पराएटलच्या गाठीच्या जागी एक छोटा कॅल्सिफाइड ठिपका उरलाय. गाठ पूर्ण नाहीशी झाली असती आणि कॅल्शियम उरलं नसतं तर फिटचं औषध बंद करायचा विचार करता आला असता, पण आता तीन ठिपके आहेत म्हणजे फिट परत यायची शक्यता जास्त, म्हणून लेव्हेटिरॅसिटॅम चालूच. मधल्या काळात एकही फिट नाही. चक्कर नाही, उलटी नाही, आडवे झोपतात, दोन्ही कुशींवर.

ओपीडीत त्यांनी मला एक करून दाखवलं. खुर्चीत बसल्या बसल्या मान पूर्ण मागे टाकली आणि छताच्या ट्यूबलाइटकडे बघत राहिले. बायकोने सवयीने त्यांचा दंड धरला. दहाएक सेकंद गेले असतील, मग मान सरळ केली आणि विचारलं, "मॅडम, शिडीवर कधीपासून चढू?" वर बघायला आता हरकत नाही, पण फिटचा धोका असताना उंचीवर आणि चालू वायरवर हात घालायला मी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या ते खाली उभं राहून मदतनिसाला वरचं काम सांगतात. पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी आहे.